दूध संघाच्या प्रणालीचे मॉडेल लिहिताना

आमच्या भागातल्या एका सहकारी दूध संघाने आपली जुनी संगणकप्रणाली बदलायचे ठरवले आणि नव्या प्रणालीचे स्पेसिफिकेशन लिहून देण्याचे काम कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या लहानशा गटाकडे आले. प्रोग्रॅम आम्हाला लिहायचे नव्हते. निविदा निघण्यापूर्वी प्रणालीचे असे वर्णन संघाच्या हाती द्यायचे होते, की ते कोणत्याही कंपनीने वाचले तरी त्याचा एकच अर्थ निघावा. असे काम आपल्याकडे स्वतंत्रपणे क्वचितच करून घेतले जाते. बहुतेक ठिकाणी पुरवठादारच पडद्यांची आणि रिपोर्टांची यादी करतो, यादीवर साहेबांची सही घेतो आणि कामाला लागतो. पुढे जे काही बिनसते ते ‘यादीत नव्हते’ या उत्तरापाशी येऊन अडते. संघाच्या ईडीपी, म्हणजे संगणक, विभागाच्या प्रमुखांनी हा अनुभव एकदा घेतलेला होता, म्हणून या वेळी आधी मॉडेल आणि मग निविदा, असा आग्रह त्यांनी धरला.

यादीने भागले नसते, याचे कारण प्रणालीच्या आकारापेक्षा तिच्या विखुरलेपणात होते. शेकडो गावांतल्या प्राथमिक दूध संस्थांची संकलन यंत्रे, टँकरचे रूट, शीतकरण केंद्रांवरचे वजनकाटे, मुख्य डेअरीची प्रयोगशाळा, पशुखाद्याचा साठा, लेखा विभाग आणि बँक असे सगळे शेवटी दहा दिवसांच्या एका बिलात येऊन मिळतात. यातले प्रत्येक ठिकाण आपल्या यंत्रावर आणि आपल्या वेळापत्रकाने चालते, इतकेच असते तर तो केवळ तांत्रिक प्रश्न ठरला असता. पण यातली बरीच ठिकाणे आपापल्या अधिकाराने चालतात, आणि मॉडेल लिहिताना आमचा सर्वाधिक वेळ याच गोष्टीने घेतला.

आधार म्हणून आम्ही आरएम-ओडीपी हे संदर्भ मॉडेल घेतले. खुल्या वितरित प्रक्रियेसाठी, म्हणजे ठिकठिकाणच्या संगणकांनी मिळून चालवायच्या कामासाठी, आयएसओ, आयईसी आणि आयटीयू या आंतरराष्ट्रीय मानक-संस्थांनी मिळून सिद्ध केलेले हे मानक आयएसओ/आयईसी १०७४६ या क्रमांकाने ओळखले जाते, आणि आयटीयूकडे त्याचे चार भाग एक्स.९०१ ते एक्स.९०४ या क्रमांकांनी आहेत. पायाभूत संकल्पनांचा आणि स्थापत्याचा, असे त्याचे गाभ्याचे दोन भाग आयएसओने १९९६ साली प्रसिद्ध केले. एवढे जुने मानक कशाला, असा आक्षेप आमच्याच गटातल्या तरुण सहकाऱ्यांनी घेतला होता. माझे म्हणणे असे होते, की या मानकात कोणत्याही यंत्राचे, भाषेचे किंवा कंपनीचे नाव घेऊन काही सांगितलेले नाही, त्यामुळे शिळे होण्यासारखे त्यात फारसे काही नाही. एकाच प्रणालीचे पाच दृष्टिकोनांतून वर्णन करा, एवढेच ते सांगते: व्यवहाराचा, माहितीचा, संगणनाचा, अभियांत्रिकीचा आणि तंत्रज्ञानाचा. हे पाच थर एकावर एक रचलेले नसतात. प्रत्येक दृष्टिकोन म्हणजे एका वेगळ्या प्रश्नाच्या अंगाने केलेले पूर्ण प्रणालीचे वर्णन असते. मानकाची खरी सक्ती मात्र पुढे आहे. एका वर्णनातली गोष्ट दुसऱ्या वर्णनातल्या कोणत्या गोष्टीशी जुळते, हेही लिहून द्यावे लागते. आम्ही त्यासाठी एक मोठा तक्ता ठेवला, आणि त्या तक्त्यात जेथे जेथे घर मोकळे राहिले तेथे तेथे कोणीतरी न घेतलेला निर्णय दडलेला सापडला.

व्यवहाराच्या दृष्टिकोनासाठी स्वतंत्र भाषा आहे आणि तिचे मानकही स्वतंत्र, म्हणजे आयएसओ/आयईसी १५४१४ आहे. त्यात समुदाय, त्याचे उद्दिष्ट, त्यातल्या भूमिका, आणि कोणावर कसले बंधन, कोणाला कशाची मुभा, कोणाला कशाची मनाई, अशा शब्दांत लिहायचे असते. हे कार्यालयात बसून लिहिता येण्यासारखे नव्हते, म्हणून आम्ही पहाटेच्या संकलनाला गावोगाव गेलो. राधानगरी रस्त्यावरच्या मोठ्या संस्थांत गेलो, तसे भुदरगडच्या डोंगराकडच्या, मोबाइलला रेंजही नसलेल्या वाड्यांतही गेलो. दूध घालायला आलेली बाई किटली मापात ओतते, मदतनीस पळीभर नमुना यंत्राच्या नळीखाली धरतो, थोड्या वेळात फॅट आणि एसएनएफचे (म्हणजे फॅट सोडून दुधातल्या इतर घन पदार्थांचे) आकडे पडद्यावर येतात, दरपत्रकाच्या आडव्या-उभ्या ओळींतून दर निघतो आणि छोटी पावती छापून बाहेर पडते. म्हशीचे आणि गाईचे दूध वेगळे, मापे वेगळी, पावतीही वेगळी. रांग लांब असते आणि कोणालाही थांबायला सवड नसते.

त्या पावतीवरची रक्कम हे कोणाचे वचन आहे, हा आमच्यापुढे आलेला पहिला मोठा प्रश्न. संघाच्या कार्यालयात सर्वजण ‘आमचा उत्पादक’ असे म्हणत असत आणि जुन्या प्रणालीच्या आराखड्यातही संघाखाली संस्था आणि संस्थेखाली उत्पादक अशी सरळ उतरंड काढलेली होती. कायद्याने पाहिले तर गावची संस्था ही महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली स्वतंत्र संस्था असते. तिचे स्वतःचे संचालक मंडळ असते, स्वतःचे लेखापरीक्षण असते आणि सभासदांचे खाते तिचे असते. संघ पैसे देतो तो संस्थेला, धक्क्यावर, म्हणजे संघ दूध उतरवून घेतो त्या जागी, झालेल्या वजनावर आणि तेथे लागलेल्या फॅटवर. संस्था पैसे देते सभासदाला, गावातल्या मापावर आणि गावातल्या फॅटवर. म्हणजे करार दोन आहेत आणि समुदायही दोन. आरएम-ओडीपीत वेगवेगळ्या अधिकारक्षेत्रांनी आपला अधिकार न सोडता एकत्र येण्याला संघराज्यासारखी रचना मानले आहे, आणि आम्हाला ती रचना येथे शब्दशः लागू पडताना दिसली. एकदा हे कागदावर आले, की संघाच्या सर्व्हरने संस्थेच्या सभासद-खात्यात परस्पर नोंद करायची नाही, ही मनाई आपोआप निघाली. कार्यालयातल्या काहींना ती आवडली नाही.

दर बदलतो तेव्हा हा प्रश्न प्रत्यक्षात कसा उभा राहतो, हे गावच्या एका संस्थेच्या सचिवांनी आम्हाला ऐकवले. नवे दरपत्रक अमुक तारखेच्या सकाळपासून लागू, असे परिपत्रक निघते. पण यंत्राला नेट नसेल तर ते जुन्याच दराने पावत्या छापत राहते. अशा पावत्यांचे काय करता, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “पावतीवर छापलं म्हंजे छापलं, मॅडम. उद्या कमी देतो म्हटलं तर माणसं दारात येऊन बसत्यात.” मग फरक कोण सोसतो? “संस्थाच की. आन् कुणाच्या बापाची हाय?” त्यावर संघाच्या लेखा विभागाचे म्हणणे असे, की पावती ही केवळ अंदाजाची, खरी रक्कम बिलात. दोघेही आपल्या जागी बरोबर होते, कारण दोघे वेगवेगळ्या कराराविषयी बोलत होते. आम्ही मॉडेलमध्ये पावतीची रक्कम हे संस्थेचे सभासदाला दिलेले वचन असे नोंदवले, आणि दरपत्रक वेळेत न पोहोचल्यास होणारा फरक कोणी सोसायचा, हा प्रश्न धोरण म्हणून वेगळा काढून संघाच्या संचालक मंडळापुढे ठेवला. मंडळाने एक मर्यादा घालून दिली: परिपत्रक निघाल्यापासून ठरावीक सत्रांपर्यंतचा (सत्र म्हणजे सकाळचे किंवा संध्याकाळचे एक संकलन) फरक संघाने द्यायचा, त्यानंतरचा संस्थेने. तो आकडा प्रोग्रॅममध्ये कोरायचा नाही, मंडळाच्या ठरावाने बदलता आला पाहिजे, असेही आम्ही लिहिले.

महापुराचा प्रश्न याहून अवघड होता. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक बंद पडली. अशा वेळी गावात दूध तर निघतेच. म्हैस पुरासाठी थांबत नाही. संस्थेने ते घ्यायचे की नाही, घेतले आणि टँकर आलाच नाही तर ते कोणाचे, याविषयी जुन्या प्रणालीत काहीच नव्हते, कारण त्या प्रणालीच्या दृष्टीने दूध जन्मालाच यायचे ते धक्क्यावरच्या वजनकाट्यावर. संस्थांचे म्हणणे असे, की संघाने संकलन बंद ठेवा असे कळवले नाही तर ते दूध संघाच्या भरवशावरच घेतलेले असते. बैठकीत यावर आवाज चढले. शेवटी मॉडेलमध्ये तीन क्षण वेगळे झाले: संस्थेने सभासदाकडून दूध स्वीकारल्याचा, टँकरवाल्याने रूटच्या कागदावर सही केल्याचा आणि धक्क्यावर वजन झाल्याचा. पहिल्या क्षणापासून जबाबदारी संस्थेची, दुसऱ्यापासून संघाची, आणि तिसऱ्या क्षणी रक्कम ठरते. संकलन-बंदीची सूचना ही संघावर टाकलेली स्वतंत्र बंधनाची बाब झाली: ती दिली नाही, तर न उचललेल्या दुधाच्या नुकसानीतला वाटा मंडळाने ठरवायचा. कोणत्याही पडद्यांच्या यादीत हे कधी आले असते असे मला वाटत नाही.

माहितीच्या दृष्टिकोनात काय लिहायचे असते हे सांगणे सोपे आहे: कोणत्या वस्तूंविषयी माहिती ठेवायची, त्यांच्याविषयी कोणती विधाने कायम खरी राहिली पाहिजेत, आणि कोणत्या घटनेने कोणती माहिती कशी बदलते. कायम खरी राहणारी विधाने लिहायला बसलो आणि पहिल्याच विधानात अडकलो. एका सत्रात सभासदांकडून आलेले एकूण दूध हे संघाला पाठवलेल्या दुधाइतके असते का? नसते. गावात स्थानिक विक्री होते, तपासणीसाठी काढलेले नमुन्याचे दूध साठते आणि तेही विकले जाते, काही नासते, आणि उरते ती वाढ-घट. शिवाय गावात दूध लिटरमध्ये मोजतात आणि धक्क्यावर किलोमध्ये. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरते, म्हणजे हजार लिटरमागे सुमारे तीस किलोंचा फरक हा फरक नसतोच, नुसता एककाचा बदल असतो. पण दोन्ही आकडे ‘प्रमाण’ या एकाच नावाच्या रकान्यात पडत असतील, तर त्यातून भांडण सहज उभे राहते. आमचे विधान शेवटी असे झाले: सभासदांचे दूध म्हणजे पाठवलेले, विकलेले, नमुन्याचे आणि नासलेले यांची बेरीज अधिक वाढ-घट, सर्व एका एककात, आणि वाढ-घट ही मोजून आलेली संख्या नसून वजाबाकीने आलेली असल्याने ती कोणालाही हाताने भरता येणार नाही.

फॅटचेही तसेच. जुन्या डेटाबेसमध्ये फॅट हा एक रकाना होता. प्रत्यक्षात गावातल्या यंत्राने सभासदाच्या नमुन्यावर दाखवलेली फॅट, टँकर किंवा कॅनमधून घेतलेल्या एकत्रित नमुन्याची धक्क्यावरची फॅट, आणि तक्रार झाल्यावर प्रयोगशाळेत गर्बर पद्धतीने, म्हणजे नमुन्यात सल्फ्युरिक आम्ल आणि अमाइल अल्कोहोल घालून, नळी यंत्रात फिरवून वाचलेली फॅट, ही तीन वेगळी निरीक्षणे आहेत. एसएनएफ तर बऱ्याच ठिकाणी मोजलाच जात नाही. दुधाची घनता दाखवणाऱ्या लॅक्टोमीटरचा आकडा आणि फॅट यांवरून सूत्राने काढला जातो, आणि त्या सूत्रातला स्थिरांक सगळीकडे एकच नसतो. म्हणून मॉडेलमध्ये ‘फॅट’ ही संख्या ठेवलीच नाही. कोणत्या नमुन्यावर, कोणत्या यंत्राने, कोठे आणि केव्हा, हे सोबत बाळगणारे ‘निरीक्षण’ ठेवले, आणि बिल कोणत्या निरीक्षणावर निघते हे व्यवहाराच्या वर्णनातल्या कराराशी जोडले.

संगणनाच्या दृष्टिकोनात प्रणालीचे घटक आणि त्यांच्यातले संवाद येतात, मात्र कोणता घटक कोणत्या यंत्रावर बसतो हे येथे विचारायचे नसते. मानकात संवादाचे जे प्रकार आहेत त्यांतला एक भेद आम्हाला फार उपयोगी पडला. उत्तराची अपेक्षा असलेली विचारणा वेगळी आणि उत्तराची वाट न पाहता केलेली घोषणा वेगळी. संस्थेची नोंद संघाकडे जाते ती यांपैकी कोणती? आधीच्या कंपनीने ती विचारणा धरली होती. त्यामुळे सर्व्हरकडून उत्तर येईपर्यंत यंत्र पुढची पावतीच काढत नसे. त्याच सचिवांचे यावरचे मत असे होते, “दूध काय नेटसाठी थांबतंय व्हय?” नोंद ही घोषणा झाली आणि तिची पोच ही स्वतंत्र, मागाहून येणारी घोषणा झाली, तेव्हा हा अडसर निघाला.

येथे संगणकशास्त्रज्ञ एरिक ब्रूअर यांनी २००० साली मांडलेला आणि गिल्बर्ट व लिंच यांनी २००२ साली सिद्ध केलेला सिद्धान्त आठवणे भाग होते. संगणकांना जोडणारे जाळे तुटले असताना माहितीच्या सर्व प्रतींत एकवाक्यता आणि प्रत्येक विनंतीला उत्तर, ही दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. त्याची चर्चा बहुधा ‘तुमचा डेटाबेस कोणत्या गटातला’ अशा सुरात होते, आणि मला ती तशी निरर्थक वाटते. निवड डेटाबेसची नसते, कामाची असते. आमच्या प्रणालीत दूध स्वीकारणे कोणत्याही परिस्थितीत चालूच राहिले पाहिजे, मग मागाहून मेळ घालण्याची खटपट पडली तरी चालेल. आणि दहा दिवसांचे बिल बंद करणे मात्र सगळा मेळ बसल्याशिवाय होता कामा नये, मग त्यासाठी काही तास थांबावे लागले तरी चालेल. प्रत्येक संवादासमोर यांतले कोणते हवे हे आम्ही लिहिले, आणि ते लिहिण्याचा आधार प्रत्येक वेळी व्यवहाराच्या वर्णनातच सापडला.

अभियांत्रिकीच्या दृष्टिकोनात यंत्रे, त्यांच्यातले मार्ग आणि बिघाड येतात. गावच्या यंत्राने नोंदी आपल्यापाशी साठवायच्या आणि नेट आले की पाठवायच्या, एवढे सर्वांना मान्य होते. एकच नोंद दोनदा पोहोचली तर दोनदा धरली जाऊ नये म्हणून प्रत्येक नोंदीला यंत्राचा क्रमांक आणि त्या यंत्रातला अनुक्रमांक जोडायचा, हा रूढ उपायही मान्य होता. तो पुरेसा आहे का, हे तपासायला आम्ही एवढाच भाग टीएलए-प्लसमध्ये लिहिला. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी घडवलेली ही भाषा गणिती तर्कावर उभी आहे. प्रणालीच्या अवस्था आणि त्यांतले बदल तिच्यात लिहिले, की टीएलसी हे साधन शक्य त्या सर्व क्रमांनी घटना घडवून पाहते आणि आपले विधान मोडले तर ते मोडणारा घटनाक्रम हाती देते. ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी २०१५ साली आपला या भाषेचा अनुभव प्रसिद्ध केला आहे. त्यांच्या डायनॅमोडीबी या डेटाबेसमधला एक दोष उघड व्हायला पस्तीस पायऱ्यांचा क्रम लागला होता, आणि तो कोणत्याही चाचणीत किंवा वाचनात सापडलेला नव्हता.

आमचा क्रम त्यामानाने आखूड निघाला. आम्ही दोन यंत्रे, दोन सभासद आणि एक बिल एवढेच जग घेतले होते. याहून मोठे घेतले की अवस्थांची संख्या झपाट्याने वाढते आणि तपासणी लांबते. ‘कोणतेही दूध बिलात एकदाच धरले जाते’ हे विधान टीएलसीने असे मोडून दाखवले: नेट नसताना पहिल्या यंत्रावर पावत्या झाल्या, ते यंत्र बिघडले, संस्थेने दुसरे यंत्र आणून त्याच पावत्या वहीवरून त्यात भरल्या, त्या संघाकडे गेल्या, नंतर पहिले यंत्र दुरुस्त होऊन आले, त्याला नेट मिळाले आणि त्याने आपल्यापाशी साठवलेल्या मूळ नोंदी पाठवल्या. यंत्राचे क्रमांक वेगळे, म्हणून नोंदी वेगळ्या, म्हणून दूध दुप्पट. हा क्रम आम्ही गावात जाऊन वाचून दाखवला. दोन-तीन सचिव हसले. असे घडते, एवढेच नव्हे तर पावसाळ्यात वरचेवर घडते, आणि ते दुरुस्त करायला संघाच्या कार्यालयात खेटे घालावे लागतात, असे त्यांनी सांगितले.

मग ओळख कशाने ठरवायची? सभासद, तारीख, सत्र आणि जनावर यांवरून ठरवू म्हटले, तर एकच सभासद एकाच सकाळी म्हशीचे दूध दोनदा घालतो. आधी घरचे, मग शेजारच्या गोठ्यातले आपल्याच नावावर. वेळेवरून ठरवू म्हटले, तर यंत्राची बॅटरी गेली की घड्याळ मागच्या शतकात जाऊन बसते, आणि वहीवरून भरलेल्या नोंदीला मूळ वेळ नसतेच. मार्ग आमच्या गटातल्या कोणाला सुचण्याऐवजी संस्थेच्या दप्तरातच सापडला. प्रत्येक सत्र संपले की सचिव वहीत एकूण बेरीज करून खाली सही करतो; त्या सहीनंतर त्या सत्रात दूध घेतले जात नाही. आम्ही ओळख पावतीवरून काढून सत्रावर नेली. एका संस्थेच्या एका सत्राचे एकच पत्रक संघ स्वीकारील. तेच पत्रक कितीदाही आले तरी ते एकच. आणि त्याच सत्राचे वेगळे पत्रक आले तर ते बिलात न जाता ‘दुरुस्ती’ म्हणून वेगळे थांबेल, आणि कोणते खरे हे बिल बंद होण्यापूर्वी सचिवाने सांगायचे. हे पुन्हा टीएलसीपुढे ठेवले तेव्हा आमचे विधान टिकले.

जुळणीच्या तक्त्यात या एका बदलाने तीन ठिकाणी भर पडली. अभियांत्रिकीतली ओळख बदलली, म्हणून माहितीच्या वर्णनात ‘सत्र’ ही नवी वस्तू आली. आणि सत्र बंद करणे हे आता प्रणालीला लागणारे कृत्य असल्याने व्यवहाराच्या वर्णनात सचिवावर एक बंधन आणि दुरुस्ती मागण्याचा एक हक्क आला. तो हक्क देण्यास संघाचे काही अधिकारी नाखूश होते. पण तो हक्क काढला तर दूध बिलात एकदाच धरले जाते हे विधानच कोसळते, हे तक्त्यात बोट ठेवून दाखवता आले आणि चर्चा लवकर आटोपली.

बँकेच्या बाजूचे फार सांगण्यासारखे नाही. बिलाची रक्कम आणि पशुखाद्याची कपात एकाच व्यवहारात, एकदम किंवा अजिबात नाही अशी व्हावी, हे संघाच्या आवारात शक्य आहे. बँक मात्र, आधी सर्वांनी संमती द्यायची आणि मग एकदम नोंद करायची, अशा आपल्या पद्धतीत सहभागी होत नाही. खाते बंद असेल तर रक्कम परत येते, तीही मागाहून. म्हणून तेथे गार्सिया-मोलिना आणि सेलम यांनी १९८७ साली ‘सागा’ या नावाने मांडलेली, झालेल्या पायरीची भरपाई दुसऱ्या पायरीने करण्याची पद्धत आम्ही लिहिली आणि परत आलेल्या रकमांना स्वतंत्र खाते दिले.

मानकात पारदर्शकतेचे आठ प्रकार सांगितले आहेत: वस्तू कोठे आहे, ती हलली का, तिच्या किती प्रती आहेत, मधेच काही बिघडले का, अशा गोष्टी वापरणाऱ्याला जाणवू नयेत यासाठीची ती यादी आहे. आम्ही ती यादी प्रत्येक संवादाला लावून पाहिली आणि काही ठिकाणी मुद्दाम नाकारली. वजनकाटा एका शीतकरण केंद्रावरून दुसऱ्यावर गेला हे लेखा विभागाला कळण्याचे कारण नाही. पण आपले सत्र अजून संघाकडे पोहोचलेले नाही, हे सचिवाला ठसठशीत दिसलेच पाहिजे. सगळे सुरळीत आहे असा भास निर्माण करणाऱ्या पडद्यावर गावात कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये.

तंत्रज्ञानाचे वर्णन सर्वांत लहान झाले. गावच्या यंत्राला वीज गेल्यावर किती सत्रांच्या नोंदी जपता आल्या पाहिजेत, पावती कोणत्या लिपीत छापली पाहिजे, गावोगावी आधीच असलेली निरनिराळ्या कंपन्यांची संकलन सॉफ्टवेअरे कोणत्या स्वरूपात सत्र-पत्रक देतील, एवढे त्यात होते. कोणत्याही डेटाबेसचे किंवा क्लाउड कंपनीचे नाव आम्ही घातले नाही. ‘मग यात आधुनिक काय आहे’, असे एका संचालकांनी विचारले. ईडीपी प्रमुखांनी त्यांना महापुराचे पान उघडून दिले.

निविदापूर्व बैठकीत पुरवठादारांनी विचारलेले बहुतेक प्रश्न अपेक्षेप्रमाणे अभियांत्रिकीचे होते. एका कंपनीने मात्र असे सुचवले, की संघाच्या सर्व्हरला सभासद-खात्यात थेट लिहिण्याची मुभा दिली तर काम सोपे आणि स्वस्त होईल. उत्तरादाखल आम्ही मनाईचे कलम, त्यामागचे दोन करारांचे वर्णन आणि त्यावर उभी असलेली माहितीची विधाने यांचे क्रमांक दिले. ती मुभा दिल्यास यांतले काय काय पुन्हा लिहावे लागेल, हेही सोबत जोडले. कंपनीने सूचना मागे घेतली.

तक्त्यात अजून एक ओळ मोकळी आहे. दिवाळीला मिळणारा दर फरक वर्षभराच्या दुधावर निघतो, संघाकडून तो संस्थेला मिळतो आणि संस्था आपल्या सभासदांना वाटते. पण वर्षाच्या मध्येच सभासदाने दुसऱ्या संस्थेत दूध घालायला सुरुवात केली असेल, तर त्याच्या आधीच्या महिन्यांचा फरक कोणी द्यायचा, याबाबत संस्थांचे पोटनियम एकसारखे नाहीत. संघ यात आज्ञा करू शकत नाही, कारण तो करार त्याचा नाही; आणि प्रणालीला तर कोणते ना कोणते उत्तर लागणार आहे. तूर्त आम्ही तेथे ‘संस्थेच्या पोटनियमानुसार’ असे लिहून प्रत्येक संस्थेला तो नियम प्रणालीत नोंदवण्याचे बंधन घातले आहे, आणि नियम न नोंदवलेल्या संस्थेची दर फरकाची यादी आपोआप निघणार नाही, अशी तरतूद ठेवली आहे. लेखा विभाग त्यावर आपला अभिप्राय देणार आहे.